मोठ्या अक्षरांचं पुस्तक

पनवेलला आल्यावर चार महिने मी माझी पिशवी रिकामी केली नव्हती. निळी नायलॉनची पिशवी, तिची चेन अर्ध्यावर अडकायची. सकाळी तिच्यातून एक ड्रेस काढायचा, आदल्या दिवशीचा धुऊन, वाळवून, घडी करून परत तिच्यातच ठेवायचा आणि पिशवी कॉटखाली सरकवायची. खोलीत भिंतीतलं कपाट होतं. जैनबखालानं ते माझ्यासाठी पुसून, तळाला वर्तमानपत्र घालून तयार ठेवलं होतं. पण मला वाटायचं, कपाटात कपडे लावले आणि दुसऱ्याच दिवशी कुणी म्हणालं की आता जा, तर? पिशवी भरलेली असली म्हणजे निदान निघताना फजिती नाही. खाला एकदा दारात उभी राहून माझा हा उद्योग बघत होती. म्हणाली, "काय गो, तू घरात राहतेस का स्टँडावर?" मी हसले, आणि चेन ओढून घेतली.

घाबरट मी जन्माचीच. आजही घराबाहेर पडताना गॅस दोनदा बघते आणि तरी जिन्यावरून एकदा परत येते. मुलगा म्हणतो, "आई, तू आली नाहीस तर गॅसला चुकल्यासारखं होईल." हसू देत. पण ज्या माणसांमुळे माझी ती पिशवी एकदाची रिकामी झाली, त्यांच्याबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळत आले, कारण त्यात माझं एक खोटं आहे. आता ते सांगून टाकते.

आमचं गाव परभणीकडचं. माझी शाळा सहावीनंतर सुटली. धाकट्या दोघांना सांभाळायला घरी कुणीतरी लागत होतं आणि ते कुणीतरी म्हणजे मीच होते. सतरावं सरलं तेव्हा आईनं मला दादाबरोबर इकडे धाडलं. शिवण शिकेल, चार माणसांत राहील, एवढाच तिचा हिशेब. दादा द्रोणागिरीला गोदामात माल चढवा-उतरवायच्या कामावर होता आणि एका खोलीत दहा जण राहायचे. तिथं मला कुठं ठेवणार? त्याच्या मुकादमाची मावशी पनवेलला एकटी राहायची. तिचा नवरा कुवेतला, दोन्ही मुली लग्न होऊन गेलेल्या. ती म्हणाली, पोर राहू दे माझ्याकडं, मलापण कुणाशी बोलायला होईल. ती जैनबखाला.

खालाच्या घराला एक आवाज होता. पहाटे पीठ वाटायचं यंत्र घरघरायला लागायचं, त्याच्या मागोमाग वाफेचं झाकण थडथडायचं. ती सांदणं करून द्यायची. तांदळाचं आंबवलेलं पीठ नारळाच्या दुधात कालवून वाट्यांतून उकडायचं, पांढरी, मऊ, गोडसर. लग्नाच्या, साखरपुड्याच्या ऑर्डरी असायच्या. दुपारी परसात सुकट निवडणं, कोंबड्यांना शिव्या. आणि शुक्रवारी दुपारी कुवेतचा फोन. तो वाजायच्या आधी अर्धा तास खाला फोनजवळच्या खुर्चीत केस विंचरून बसलेली असायची, जणू पलीकडून दिसणार होतं.

मला तिथलं जेवण सुरुवातीला उतरायचं नाही. मासा आधी कधी खाल्ला नव्हता. काटा अडकून मी परक्या गावात मरेन याची खात्री होती. तांदळाची भाकरी दिसायला देखणी, पण दोन खाल्ल्या तरी पोटाला काही कळायचं नाही. मी बोलले नव्हते. एके दिवशी ताटात बघते तर ज्वारीची भाकरी! खाला दोन चक्क्या पालथ्या घालून पीठ घेऊन आली होती. कडा फाटलेल्या, मधे भोक, एक बाजू करपलेली. "असंच असतं ना गो तुमच्याकडं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "असंच असतं." हे माझं दुसरं खोटं, पण त्याचं मला काही वाटत नाही.

पहिलं खोटं आधीच बोलून झालं होतं. ऑर्डरीच्या डब्यांवर मी चिठ्ठ्या लिहून चिकटवायची. गावात शाळेच्या फळ्यावर सुविचार मीच लिहायची, शाळा सुटल्यावरही गुरुजी हाक मारून लिहून घ्यायचे. अक्षर तेवढं माझं चांगलं. अशाच एका डब्यावर 'गुप्तेबाई, पन्नास, शनिवार सकाळ' असं लिहिलेलं बघून सांदणं न्यायला आलेल्या त्या गुप्तेबाईंनी विचारलं, "हे अक्षर कुणाचं?" खालानं मला पुढं ढकललं. बाई जवळच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल. उंच, खादीची साडी, चष्मा दोरीला. त्यांना मदतनीस हवी होती. त्या वाचनालयाच्या दारावरचा कागद मी जाता-येता अक्षर लावत लावत वाचला होता: दहावी उत्तीर्ण. बाईंनी विचारलं, "शिक्षण किती?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दहावी." "सर्टिफिकेट?" "गावाकडं आहे. भाऊ आणणारे." तोंडातून शब्द पडला तो उचलून परत घ्यायचा असतो हे मला कळत होतं. पण बाई म्हणाल्या, "मग सोमवारपासून ये," आणि मी गेले.

वाचनालयात नवी पुस्तकं दर दोन-तीन महिन्यांनी यायची, खोक्यांतून, सुतळीनं बांधून. सुतळी कापली की वास यायचा, नव्या चपलेच्या आणि ओल्या गव्हाच्या मधला काहीतरी. कादंबऱ्या, कविता, मधुमेह झालेल्यांनी काय खावं, शेअर बाजार, कुणा नर्सचं आत्मचरित्र, ग्रहताऱ्यांची माहिती, मुलांच्या गोष्टी. मला तोवर वाटायचं की पुस्तकं कधीतरी पूर्वीच लिहून झालीत, देवळांसारखी. ती अजूनही होतात, कुणीतरी याच वर्षी आपल्यासारखंच उन्हाळ्यात घाम पुसत बसून लिहिलीत, हे मला त्या खोक्यांनी शिकवलं. एखाद्याचं पहिलं पान उघडलं की शाई अजून बोटाला लागेल असं वाटायचं.

बाईंची कामाची पद्धत ठरलेली होती. नवं पुस्तक मधोमध फाडकन उघडायचं नाही. पाठ टेबलावर टेकवायची, दोन्ही पुठ्ठे आडवे करायचे, मग पुढून चार पानं, मागून चार पानं, असं दाबत दाबत मधे यायचं, म्हणजे शिवण तुटत नाही. मग शिक्का, दाखल क्रमांक, प्लास्टिकचं कव्हर आणि पाठीवर रंगीत कागदाची पट्टी: कथा-कादंबरीला तांबडी, माहितीला निळी, चरित्राला हिरवी, बालविभागाला पिवळी. पट्टी कोणती ते बाई ठरवायच्या, चिकटवायची मी. आणि शेवटी दारातला फळा. 'नवीन आलेली पुस्तके' असं वर लिहून खाली प्रत्येकाचं नाव आणि एकच ओळ, कुणी का वाचावं याची. ओळ बाईंची, अक्षर माझं. लोक रस्त्यावरून जाताना सायकल थांबवून वाचायचे.

आणखी एक नियम होता. कव्हर घालण्याआधी त्या पुस्तकाचं एक पान वाचायचंच. "बाळाला कपडे घालण्याआधी त्याचं तोंड बघतो की नाही आपण?" बाई म्हणायच्या. माझी तिथं गाळण उडायची. मी ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत वाचायची. जोडाक्षर आलं की बैलगाडी दगडावर चढल्यासारखी थांबायची. बाईंना दिसू नये म्हणून मी भिंतीकडे तोंड करून बसायची. त्यांना वाटायचं, पोर एकाग्र आहे.

मग बाईंच्या मुलीचं बाळंतपण आलं आणि त्या महिनाभरासाठी नागपूरला गेल्या. जाताना म्हणाल्या, "खोकं आलं तर थांबू नकोस. लोक वाट बघतात. तुला येतं आता." दहावी झालेल्या मुलीला आलंच असतं.

खोकं आलं. सव्वीस पुस्तकं. कादंबऱ्यांवर मागे 'कादंबरी' असं लिहिलेलं, आत्मचरित्रावर माणसाचा फोटो, मधुमेहावर कारल्याचं चित्र. पंचवीस नीट लागली. सव्विसावं मात्र निराळंच होतं. पातळ, पण कागद जाडजूड, गुळगुळीत. प्रत्येक पानावर मोठं रंगीत चित्र आणि खाली दोन-तीन ओळी. अक्षरं हरभऱ्याएवढी. नाव होतं 'कुलूप वाट बघतंय'.

आता मी काय विचार केला ते सांगते, हसायचं असेल तर हसा. आमच्या घरात शाळेव्यतिरिक्त एकच पुस्तक होतं, चुलत आजोबांची पोथी. हरभऱ्याएवढी अक्षरं, मधे मधे चित्रं, आणि आम्हा पोरांना हात लावायची बंदी. शाळेची पुस्तकं मात्र बारीक अक्षरांची. वाचनालयाच्या बालविभागातसुद्धा तेव्हा होती ती जुनी, पिवळ्या पानांची, मुंग्यांसारख्या छपाईची. तेव्हा माझ्या डोक्यात पक्कं होतं: बारीक अक्षरं पोरांना, त्यांचे डोळे तरणे असतात. मोठी अक्षरं, चित्रं आणि भारी कागद म्हणजे मोठ्या माणसांचं.

पान वाचायला उघडलं आणि मला ते अडलंच नाही. एकही दगड नाही. एक कुटुंब घराला कुलूप लावून दूर कामाला जातं, आणि ते कुलूप मागे राहून वाट बघतं. बस्स, एवढीच गोष्ट. कडीवर चिमणी बसते, कुलूप तिला विचारतं, दिसले का? पावलं वाजतात, कुलपाला वाटतं आले. ती शेजारची शेळी असते. पाऊस येतो, कुलूप गंजतं. शेवटी माणसं येतात, किल्ली लागते, पण कुलूप उघडत नाही. रुसलंय. मग आजी त्यात तेलाचे दोन थेंब सोडते आणि त्याच्यावर हात ठेवून उभी राहते. आयुष्यात पहिल्यांदा मी एक अख्खं पुस्तक वाचून संपवलं होतं. शेवटच्या पानाच्या आत, अगदी बारीक अक्षरांत, 'सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी' असं छापलेलं होतं म्हणे. तिथवर मी पोचलेच नाही. गोष्ट संपली तेव्हा मला पुढचं काही दिसत नव्हतं.

वाचनालय दुपारी बंद असायचं. मी ते पुस्तक ओढणीखालून घरी नेलं. खाला परसात सुकट निवडत होती. ती उर्दू शाळेत चौथी शिकलेली. मराठी बोलायची झकास, वाचता यायची नाही. मी वाचून दाखवायला लागले. शेळीच्या पावलांपाशी तिचे हात थांबले.

"परत वाच."

मी परत वाचलं.

"हा लिवणारा आमच्या दारात उभा व्हता का गो?" ती म्हणाली आणि ओढणीनं नाक पुसलं. मग कोंबडीला म्हणाली, "काय बघतेस? जा तिकडं."

संध्याकाळी मी त्याला तांबडी पट्टी चिकटवली, मोठ्यांच्या नव्या पुस्तकांच्या काचेच्या कपाटात मधोमध ठेवलं आणि फळ्यावर पहिल्यांदाच माझी स्वतःची ओळ लिहिली: 'कुलूप वाट बघतंय. मोठ्यांसाठी. घर सोडून आलेल्यांनी वाचावं. अक्षरं मोठी आहेत, चष्मा नसला तरी चालेल.'

पनवेलात घर सोडून न आलेला माणूस शोधावा लागतो. कुणी घाटावरून, कुणी कोकणातून, कुणी मुंबईत जागा परवडली नाही म्हणून. आठ दिवसांत त्या एका पुस्तकासाठी वहीत अकरा नावं लागली. बँकेतल्या एका बाईंनी ते परत करताना काउंटरवर ठेवलं आणि त्याच्यावरून हात काढायलाच विसरल्या. कुणी मला विचारलं नाही की हे इथं कसं. वाटलं असेल, पण विचारलं नाही. मला मात्र वाटत होतं की मी ग्रंथपाल झाले.

शुक्रवारी सकाळी सबनीस सर आले. सर म्हणजे वाचनालयाचे कार्यवाह, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या चपलांचा आवाज आला तरी सभासद कुजबुज थांबवायचे.

"तो फळा कुणी लिहिला?"

"मी, सर."

"मोठ्यांसाठी? मोठ्यांसाठी! आमची ही फळा वाचून माझ्या वडिलांसाठी, आप्पांसाठी, घेऊन आली ते पुस्तक. शहाऐंशी वर्षांचा माणूस, उभा जन्म कोर्टात गेला, आणि परवापासून पोरांचं चित्रांचं पुस्तक मांडीवर घेऊन गॅलरीत बसलाय! समोरचे लोक मला विचारतात, आप्पांची तब्येत बरी आहे ना?"

"पोरांचं?" मी म्हटलं. "सर, अक्षरं मोठी होती म्हणून मला वाटलं..."

ते माझ्याकडे बघत राहिले. मुख्याध्यापकाची नजर ती, पोरगं किती पाण्यात आहे ते तिला लगेच कळतं. "तुमची दहावी झालीय ना?"

"हो."

"सोमवारी सर्टिफिकेट घेऊन या. गुप्तेबाईपण येतायत सोमवारी."

मला त्यातही कामाचंच सुचलं. "पुस्तक परत आणलंत का, सर? पुढचा नंबर लागलाय."

"देत नाहीत ते!" सर ओरडले आणि निघून गेले.

ते दोन दिवस मी कसे काढले ते माझं मला. कपडे पिशवीत होतेच. मी गोधडीही घडी करून भरली. रविवारी दादा आला. त्याला सगळं सांगितलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "मंगे, ट्रक लागतात तिकडं एक जण आहे. सांगशील ते सर्टिफिकेट करून देतो. शिक्क्यासकट." मग, "नाहीतर चल गावाला. मामानं स्थळ बघून ठेवलंयच."

मी हो म्हणणार होते. प्रामाणिकपणा वगैरे नव्हता माझ्यात तेव्हा, नुसती भीती होती, आणि दोन भीतींतली कोणती लहान ते मी मापत होते. खाला चूल सारवावी तसा ओटा पुसत होती. मागं न बघता म्हणाली, "एक खोटा बोललीस ता बोललीस. आता त्याला जोडीदार आनू नको. एकटा हाय तवर निघेल. दोघं झाले का संसार मांडतील, मग त्यांची पोरा कोन सांभाळील?"

दादा हसला. मग मीही हसले, आणि हसता हसता रडायला लागले. खालानं ताट वाढलं. ज्वारीची भाकरी होती, या वेळी गोल.

सोमवारी मी लवकर जाऊन झाडलं, टेबलं पुसली. गुप्तेबाई स्टेशनवरून परस्पर आल्या, हातात बॅग आणि डिंकाच्या लाडवांचा डबा. "अगं, नात झाली मला!" त्या म्हणाल्या. त्या आनंदात त्यांना थांबवणं माझ्या जिवावर आलं, पण सर यायच्या आत बोलायला हवं होतं.

"बाई, माझी दहावी झालेली नाही. सहावी झालीय. सातवीत मी गेलेच नाही."

गोष्टींमध्ये अशा वेळी समोरचं माणूस म्हणतं, मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. बाईंना ठाऊक नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, दोरीवर सोडला, आणि डबा हातात तसाच धरून खुर्चीत बसल्या.

"म्हणजे इतके महिने तू रोज माझ्याशी खोटं बोलत होतीस."

"एकदाच बोलले, बाई. मग ते मागं घेता येईना."

"मी तुझ्या भरवशावर वाचनालय टाकून गेले, मंगल." एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेवढ्यात सर आले. बाईंनीच त्यांना सांगितलं, कोरड्या आवाजात, माझ्याकडे न बघता. सर म्हणाले, "वाटलंच होतं. नियम आहे, गुप्तेबाई. समितीला मी काय सांगू?" मी टेबलाच्या कडेला उभी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. मनात पिशवीची चेन कशी ओढायची ते चाललेलं.

बाहेर रिक्षा थांबली. रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात ठेवून एक म्हातारे गृहस्थ पायरी चढले. धोतर, कोट, एका हातात काठी, काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. सर धावले. "आप्पा! तुम्ही कशाला? सांगायचं नाही का?"

"तुला सांगितलं असतं तर आणलं असतंस?" आप्पांनी टॉवेल सोडला. आत पुस्तक. "तो फळा कोण लिहितं?"

बाईंनी माझ्याकडे बोट केलं.

"हं. या पुस्तकात चूक आहे." आप्पांनी बरोबर ते पान काढलं. "ही आजी कुलपात तेल सोडते. बाटली बघ चित्रातली, खोबरेल आहे. खोबरेल घालायचं नसतं. थंडीत थिजतं, धूळ धरतं, आणि कुलूप कायमचं बसतं. आधी रॉकेल, मग शिसपेन्सिलीची पूड. तेहेतीस वर्षं कोर्टाच्या दप्तरखान्याची कुलपं उघडलीत मी. लहान पोरं हे वाचणार आणि घरच्या कुलपात खोबरेल ओतणार! छापणाऱ्याला पत्र घाल. बस, मी सांगतो तसं लिही."

"पण आप्पा," सर म्हणाले, "मुलांचं पुस्तक आहे म्हणून तर मी..."

"मला आंधळा समजतोस काय? मागे छापलंय बारीक अक्षरात. भिंग लावून वाचलं मी."

"मग?"

"मग काय मग? मुलांचं आहे, तर म्हाताऱ्यानं वाचू नये असं कुठं छापलंय? सात वर्षांनी एक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं मी. तू ते जाडे जाडे ग्रंथ आणून देतोस, ते मी उशाशी ठेवतो. तुला बरं वाटावं म्हणून."

बाईंनी कागद काढून माझ्यापुढं सरकवला. आप्पा सांगत गेले, मी लिहीत गेले. जोडाक्षरं आली की विचारून घेतली, सगळ्यांसमोर, कारण आता लपवायला काही उरलं नव्हतं. अक्षर मात्र नेहमीसारखंच वळणदार येत होतं. अक्षराला माझी भीती कधी कळलीच नाही. आप्पांनी सही करण्याआधी कागद दूर धरून बघितला.

"अक्षर छान आहे. शिकलीस किती?"

मी पेन खाली ठेवलं.

"सहावी."

"बरं," आप्पा म्हणाले. "मग दहावी कधी?"

इतकं साधं मला कुणी विचारलंच नव्हतं. झाली का, असं विचारायचे सगळे. कधी, असं कुणी नाही. मी बाईंकडे बघितलं. बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. तशाच म्हणाल्या, "सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. तारीख मी चौकशी करते."

सरांनी घसा साफ केला. "तोपर्यंत मदतनीस म्हणून नाव लावता येणार नाही. नियम तो नियम." मग आप्पांच्या काठीकडे बघत, "फळा लिहायला आणि पुस्तकांना कव्हरं घालायला मात्र शिक्षणाची अट नाही. माझ्या माहितीत तरी नाही."

आप्पा म्हणाले, "असलं आणखी एक दे." बालविभागात शोधून मी त्यातल्या त्यात मोठ्या अक्षरांचं एक काढून दिलं. ते टॉवेलात गुंडाळून ते रिक्षात बसले.

मग बाईंनी 'कुलूप' हातात घेतलं. उभ्या उभ्या वाचलं, सगळं. वाचून झाल्यावर पिवळी पट्टी मागितली आणि पाठीवर चिकटवली. मी नखानं वरची तांबडी सोलायला गेले, तर म्हणाल्या, "ती राहू दे." दोन पट्ट्यांचं त्या वाचनालयातलं ते पहिलं पुस्तक. बाई त्यानंतर महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलल्या, आणि ते मला मिळायलाच हवं होतं. पण त्या दिवशी जाताना लाडवांचा डबा त्यांनी टेबलावर माझ्या बाजूला ठेवला होता.

घरी येऊन मी पिशवी उपसली आणि कपाटात कपडे लावले. दुसऱ्या दिवशी बघते तर पिशवीत सुकट भरून ती परसातल्या खिळ्याला टांगलेली. "आता गावाला नेऊन दाखव," खाला म्हणाली. "येस्टीतून उतरवतील."

दहावी मी दुसऱ्या खेपेला सुटले. पहिल्या खेपेला गणितानं धरून ठेवलं. बाई दुपारी शिकवायच्या, खाला भाकरी पाठवायची, आप्पा निरोप पाठवायचे, झाली का म्हणून. छापणाऱ्यांचं उत्तर मात्र कधी आलं नाही. आप्पांनी ते फार मनाला लावून घेतलं होतं.

आता मी उलव्याला एका सोसायटीच्या वाचनालयात आहे. तेव्हा तिथं डोंगर होता म्हटलं तर मुलांना खरं वाटत नाही. खोकी अजून येतात, सुतळीऐवजी चिकटपट्टी. कादंबऱ्या येतात, मुलांची इतकी सुरेख पुस्तकं येतात की वाटतं आपण आत्ता सात वर्षांचे असायला हवे होतो. कव्हर घालण्याआधी एक पान वाचते, बोट न लावता. खाला नाही आता, आप्पाही नाहीत. बाई निवृत्त झाल्या त्या वर्षी त्या वाचनालयानं जुनी, फाटकी पुस्तकं रद्द केली, आणि बाईंनी त्यांतलं एक मला आणून दिलं. 'रद्द' असा जांभळा शिक्का आहे, शिवण सुटलीय, पाठीवरच्या दोन्ही पट्ट्या विटून जवळजवळ एकाच रंगाच्या झाल्यात. शेवटून दुसऱ्या पानावर खोबरेलाच्या बाटलीवर कुणीतरी शिसपेन्सिलीनं फुली मारलीय, आणि कुणी ते मला ठाऊक आहे.

यंदा मला चाळिशी लागली. सकाळपासून चष्मा कुठं ठेवलाय सापडत नाही, म्हणून दुपारी मी हे पुस्तक काढून बसले. अक्षरं मोठी आहेत. चालतंय.